पोरं तयार आहेत, पण त्यांना खरं लढवणार कोण? (व्यावसायिक बॉक्सिंगचं पुढचं चित्र)

साऊथपॉ (धागाकर्ता)

मंडळी, क्रॉफर्ड निवृत्त झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये लास वेगासला सत्तर हजारांच्या गर्दीसमोर कॅनेलो अल्वारेझला बारा फेऱ्या खेळवलं, तिसऱ्या वजनगटात चारही पट्टे गोळा केले आणि डिसेंबरात गडी मोकळा. उसिक चाळिशीला टेकलाय. फ्युरी तर निवृत्त होतो की परत येतो याचा हिशेब ठेवणंच लोकांनी सोडून दिलंय. त्यामुळे दर काही वर्षांनी उठणारी आवई पुन्हा उठली: बॉक्सिंग संपलं, आता उरलाय तो यूट्यूबवाल्यांचा तमाशा.

मला हे पटत नाही. पोरं आहेत, भरपूर आहेत आणि चांगली आहेत. मोझेस इटाउमा घ्या. डिसेंबर २००४ चा जन्म, डावखुरा, हेवीवेट. ऑगस्ट २०२५ मध्ये रियाधला त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत झोपवलं. व्हाइटची उमेद संपत आली होती हे मान्य; पण मला लक्षात राहिले ते इटाउमाचे पाय. या वजनाचा पोरगा ठोसा मारला की तिथेच उभा राहून कौतुक करत बसतो. हा मारतो आणि पुढचा पाय अर्ध्या वितीने बाहेर टाकून दुसऱ्या कोनातून पुन्हा तयार. हेवीवेटमध्ये हे क्वचित दिसतं. अब्दुल्ला मेसन २१ व्या वर्षी नोव्हेंबर २०२५ मध्ये लाइटवेटचा डब्ल्यूबीओ विजेता झाला. प्वेर्तो रिकोचा झँडर झायस २२ व्या वर्षी. बाम रॉड्रिगेझ तर जेमतेम २६ चा आणि दोन वजनगटांत विजेता होऊन बसलाय.

मग अडतंय कुठे? माझ्या मते एकाच ठिकाणी. सगळे आपापलं शून्य जपत बसलेत. मेवेदर ५०-० वर थांबला तेव्हापासून पराभवाच्या रकान्यातलं ते शून्य म्हणजे जणू घराण्याची अब्रू. प्रमोटर, मॅनेजर, टीव्हीवाले सगळे ते सांभाळतात. पोराला वीस-वीस लढती अशा लोकांसमोर उभं करायचं की जे हरायलाच आलेले असतात, आणि मग एक दिवस एकदम खऱ्या माणसासमोर सोडायचं.

आता जुनं उदाहरण बघा. शुगर रे रॉबिन्सन १९४३ च्या ५ फेब्रुवारीला जेक लामोटाकडून हरला. व्यावसायिक कारकिर्दीतला पहिलाच पराभव. १९ तारखेला तो भलत्याच एकाशी लढून जिंकला आणि २६ तारखेला पुन्हा लामोटासमोर उभा राहून त्याला हरवलं. तीन आठवड्यांत तीन लढती! आजचा बॉक्सर हरला की पुढची लढत ठरायलाच सहा महिने, आणि तीही 'बांधणी'ची.

जुना काळ सोडा हवं तर. लोमाचेंको दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत विश्वविजेतेपदासाठी उतरला, सालिडोकडून हरला (सालिडो तर वजनातही बसला नव्हता), आणि तीनच महिन्यांनी तिसऱ्या लढतीत विजेता झाला. नाओया इनोए सहाव्या लढतीत विजेता. त्या पराभवाने लोमाचेंकोचं काय बिघडलं? काहीही नाही.

तर प्रश्न असा की ही पोरं एकमेकांशी लढतील का? लढली तर बॉक्सिंगला मरण नाही. नाहीतर आवई खरी ठरेल. बोला.

---

रिकामटेकडा

वाचतोय. क्रिकेटवाला माणूस आहे, तेव्हा एक बाळबोध शंका. हे 'चार पट्टे' काय प्रकरण आहे? एका वजनाचा एकच विश्वविजेता का नसतो?

---

घंटा_वाजली

@रिकामटेकडा, शंका बाळबोध नाही, दुखणं तेच आहे. मान्यता देणाऱ्या चार संस्था आहेत: डब्ल्यूबीए (१९२१ पासून, आधी नाव वेगळं होतं), डब्ल्यूबीसी (१९६३), आयबीएफ (१९८३) आणि डब्ल्यूबीओ (१९८८). वजनगट १७, शिवाय डब्ल्यूबीसीने २०२० मध्ये आणखी एक काढला. म्हणजे एकावेळी सत्तरेक 'विश्वविजेते' फिरू शकतात. त्यात 'अंतरिम', 'सुपर', 'रेग्युलर' असली खिरापत वेगळीच. विजेतेपदाच्या लढतीत संस्था बॉक्सरच्या मानधनातून साधारण ३ टक्के घेतात, त्यामुळे जितके पट्टे तितकी कमाई. क्रॉफर्डने कॅनेलोच्या लढतीची फी थकवली म्हणून डब्ल्यूबीसीने त्याचा पट्टाच काढून घेतला.

चारही एकाकडे आले तरी टिकत नाहीत. मे २०२४ मध्ये उसिकने फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही पट्टे मिळवले. १९९९ च्या लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा निर्विवाद विजेता! जून संपायच्या आत त्यातला आयबीएफचा सोडावा लागला, कारण त्यांना आपल्या यादीतल्या आव्हानवीराशी लढत हवी होती आणि फ्युरीशी परतीची लढत आधीच करारात लिहिलेली होती. गेलेला पट्टा त्याला जुलै २०२५ मध्ये डुबुआला पाचव्या फेरीत आडवा करून परत आणावा लागला.

---

रिकामटेकडा

म्हणजे तहसीलदाराच्या कचेरीपेक्षा वाईट. समजलं, धन्यवाद.

---

घंटा_वाजली

आता मूळ धाग्याबद्दल. साऊथपॉसाहेब, 'हरायलाच आलेले' हा तुमचा शब्दप्रयोग मला खटकला. त्या माणसांबद्दल थोडं सांगतो, कारण उगवत्या पोरांबद्दल बोलताना त्यांना कुणी विचारतच नाही.

ब्रिटनमध्ये पीटर बकली नावाचा बॉक्सर होता. २००८ साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर बरोबर ३०० लढती होत्या: ३२ विजय, १२ बरोबरी, २५६ पराभव. पुढे नावारूपाला आलेली किती पोरं त्याच्याशी लढून शिकली! नसीम हमीदसुद्धा त्याच्याशी लढला होता. हे लोक हरायला येत नाहीत, काम करायला येतात. छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमाचं अर्थकारण असं असतं की स्थानिक पोराने स्वतः तिकिटं विकायची, ओळखीपाळखीत, जिममध्ये, नातेवाइकांत. त्या तिकिटांच्या पैशातूनच प्रतिस्पर्ध्याचं मानधन निघतं. समोरचा माणूस चार दिवस आधी फोन आला म्हणून गाडी चालवत येतो, चार फेऱ्या लढतो, गुण देणारा तिथे एकटा रेफरी, निकाल बहुतेक वेळा स्थानिक पोराकडे. त्याला एकच काळजी: भुवई फुटता कामा नये आणि रेफरीने लढत थांबवता कामा नये. कारण मग सक्तीची विश्रांती आणि पुढच्या आठवड्याची कमाई बुडाली.

पण तो त्या चार फेऱ्यांत पोराला काय शिकवतो ते बघा. मिठी मारून त्याचे हात कसे अडकवायचे. खांद्याने हनुवटी कशी वर ढकलायची. रेफरी ज्या बाजूला नाही त्या बाजूने कोपर कसं दाबायचं. पोरगं जिंकून बाहेर येतं, पण दमलेलं आणि चिडलेलं. हे शिक्षण विश्वविजेत्याशी लढून मिळत नाही. तिथे नुसता मार मिळतो. लोमाचेंकोचं उदाहरण प्रत्येकाला लावू नका. तो दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि शेकडो हौशी लढती पाठीशी घेऊन आला होता.

---

साऊथपॉ

@घंटा_वाजली, प्रतिसाद आवडला. पहिल्या आठ-दहा लढतींबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझा आक्षेप सतराव्या, अठराव्या, एकोणिसाव्या लढतीला आहे. तोवर चार फेऱ्यांची शाळा संपलेली असते, तरी पोरगं त्याच वर्गात बसलेलं.

---

निशाचर

तुम्ही दोघेही बॉक्सरबद्दल बोलताय. भाऊ, निर्णय बॉक्सर घेतच नाही. निर्णय पैसा घेतो.

एचबीओ या अमेरिकन वाहिनीने २०१८ च्या शेवटी बॉक्सिंग सोडलं. शोटाइमने २०२३ ला. टॉप रँक या प्रमोटर कंपनीचा ईएसपीएन वाहिनीशी असलेला करार जुलै २०२५ ला संपला, आणि झायस ज्या रात्री विजेता झाला तीच त्या कराराची शेवटची रात्र होती. म्हणजे पोरगं शिखरावर पोचलं आणि खालचा कॅमेराच बंद! आता मोठा पैसा येतो तो सौदीतून आणि एकरकमी नेटफ्लिक्सकडून. रियाधने चांगल्या लढती लावल्या हे नाकारत नाही. उसिक-फ्युरी, बेतेरबीएव-बिवोल या लढती एरवी वकिलांच्या टेबलावरच सडल्या असत्या. पण एका माणसाच्या मर्जीवर चालणारा खेळ किती दिवस चालेल? तो माणूस म्हणजे सौदीचे तुर्की अलालशिख. 'द रिंग' हे बॉक्सिंगचं मासिकसुद्धा २०२४ मध्ये त्यांनीच विकत घेतलं. लढत लावणारे तेच, क्रमवारी छापणारे तेच.

आणि आता झुफा बॉक्सिंग. यूएफसी (पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती लावणारी कंपनी) चालवणारा डेना व्हाइट, तिची मालक कंपनी टीकेओ आणि सौदीची सेला, असं बॉक्सिंगमध्ये उतरलेलं त्रिकूट.

---

अर्धवट_पैलवान

झुफाला एवढं घाबरायचं कारण कळत नाही. यूएफसीत चांगले लोक एकमेकांशी लढतात की नाही? धागाकर्त्याला हवंय तेच. एक कंपनी, एक पट्टा, नकार देणाऱ्याला घरचा रस्ता. मेवेदर-पॅकियाओ लढत पाच वर्षं उशिरा झाली. यूएफसीत असं झालं असतं का?

---

निशाचर

@अर्धवट_पैलवान, झालं नसतं. पण पैसे कुणी नेले असते? यूएफसीच्या महसुलातला साधारण पाचवा हिस्सा लढणाऱ्यांना मिळतो असं न्यायालयात आलेल्या कागदपत्रांतून दिसलं. जुन्या फायटर्सनी लावलेला दावा मिटवायला कंपनीने ३७.५ कोटी डॉलर मोजले. बॉक्सिंगमध्ये मोठ्या लढतीच्या उत्पन्नातला मोठा वाटा बॉक्सरकडे जातो.

त्याला कारण आहे अमेरिकेतला २००० सालचा मुहम्मद अली कायदा. त्यानुसार लढतीतून किती कमाई होतेय ते प्रमोटरला बॉक्सरपुढे उघड करावं लागतं, मॅनेजर आणि प्रमोटर एकच असून चालत नाही, क्रमवारी ठरवणारे आणि लढत विकणारे वेगळे लागतात. २०२५ मध्ये अमेरिकन संसदेत जे दुरुस्तीचं विधेयक आलं त्यात 'एकत्रित बॉक्सिंग संघटना' नावाची पळवाट आहे. एकच कंपनी प्रमोटर, तीच क्रमवारी लावणार, तीच पट्टा देणार. बदल्यात विमा, वैद्यकीय तपासण्या आणि मूळ मसुद्यात फेरीमागे किमान १५० डॉलर.

---

अर्धवट_पैलवान

फेरीमागे १५० म्हणजे चार फेऱ्यांचे ६००. तुम्हाला ते हास्यास्पद वाटत असेल, पण घंटा_वाजली यांनी वर लिहिलेल्या तिकिटं विकणाऱ्या पोराला विचारा. त्याला कित्येकदा खिशातून घालावे लागतात. शिखरावरच्या दहा जणांचा वाटा कमी होईल म्हणून तळातल्या हजारांना विमा नको, हा कुठला न्याय?

---

निशाचर

विमा आणि किमान मानधन अली कायदा तसाच ठेवूनही देता येतं. दोन्ही गोष्टी एका पिशवीत घालून का विकताय, एवढाच प्रश्न आहे. उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे.

---

स्थितप्रज्ञ

(खुर्ची ओढून बसलो आहे. चालू द्या.)

---

चाफेकळी

पन्नास ओळी झाल्या आणि अजून एकाही बाईचं नाव नाही. छान.

साऊथपॉदादा, तुम्हाला एकमेकींशी लढणाऱ्या हव्यात ना? मग इकडे बघा. केटी टेलर आणि अमांडा सेरानो तीनदा लढल्या. २०२२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मुख्य लढत म्हणून उतरलेल्या त्या पहिल्या बायका. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेक पॉल आणि ५८ वर्षांच्या टायसनचा जो कंटाळवाणा प्रकार झाला, त्या रात्री लोकांना लक्षात राहिली ती या दोघींची लढत. जुलै २०२५ मध्ये तिसरी, पुन्हा गार्डनला, आणि त्या रात्रीच्या सगळ्या लढती बायकांच्याच.

उगवतं नाव हवं तर गॅब्रिएला फुंडोरा. २२ व्या वर्षी फ्लायवेटचे चारही पट्टे. (भाऊ सेबास्टियन, तोही विजेता, सुपर वेल्टरवेटमध्ये साडेसहा फुटांच्या आसपासचा बांबू.) पूर्ण टप्प्यावरून सरळ डावा मारते आणि समोरचीला आत येऊच देत नाही. लॉरेन प्राइस टोकियोची सुवर्णविजेती, वेल्टरवेटचे तीन पट्टे तिच्याकडे आले.

पण बायकांच्या फेऱ्या अजून दोन मिनिटांच्याच, विजेतेपदाला दहा. सेरानोने २०२३ मध्ये तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या लढून दाखवल्या, डब्ल्यूबीसी तीन मिनिटांना तयार होईना, तर तिने त्यांचा पट्टा परत केला. शून्य जपणाऱ्या पुरुषांनी यातून काही शिकावं.

---

साऊथपॉ

चाफेकळीताई, दंडवत. फुंडोराचं नाव मूळ लेखात यायलाच हवं होतं.

---

पांढरा_कोट

उशिरा आलो. धागा चांगला आहे, पण 'तीन आठवड्यांत तीन लढती' वाचून राहवलं नाही. रॉबिन्सनचं उदाहरण देताना त्याच्या शेवटाबद्दलही लिहा. त्याला अल्झायमर झाला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच रात्री लढलेले दोन बॉक्सर काही दिवसांच्या अंतराने गेले. दोघेही २८ वर्षांचे, दोघांनाही मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव. त्यानंतर ओपीबीएफच्या (आशिया-पॅसिफिकची संघटना) विजेतेपदाच्या लढती बारावरून दहा फेऱ्यांवर आणल्या. १९८२ मध्ये किम दुक-कू गेला तेव्हा पंधराच्या बारा झाल्या होत्या. प्रत्येक वेळी कुणीतरी जावं लागतं.

फेऱ्यांपेक्षाही मला वजन उतरवण्याची काळजी जास्त वाटते. वजन आदल्या दिवशी होतं. पोरं घामाने, उपाशी राहून, पाणी तोडून पाच-सात किलो काढतात आणि चोवीस तासांत परत भरतात. स्नायूंत पाणी लवकर परततं, पण डोक्यातला समतोलही तेवढ्याच लवकर सावरतो असं समजू नका. आयबीएफ लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेतं आणि मर्यादेपेक्षा दहा पौंडांवर जाऊ देत नाही. बाकीच्या तीन संस्थांनी हे अजून सक्तीचं केलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये युबँक ज्युनियर ०.०५ पौंडाने जास्त भरला म्हणून ३ लाख ७५ हजार पौंडांचा दंड! हिशेब पैशाचा होता, तब्येतीचा नाही. तुमच्या नव्या पोरांतला कीशॉन डेव्हिस चार पौंडांहून जास्त भरला आणि न लढताच विजेतेपद घालवून बसला. वाढत्या अंगाचा मुलगा तो, त्याला त्या गटात ठेवलं कुणी?

---

साऊथपॉ

डॉक्टर, मुद्दा गंभीर आहे, पण एक सांगा. डोक्याला सगळ्यात जास्त मार कुठे बसतो? लढतीत की सरावात? वर्षातून दोनदा लढणारा बॉक्सर प्रत्येक लढतीआधी आठ-दहा आठवडे शिबिर करतो, त्यात शंभराहून जास्त फेऱ्या स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत). त्यापेक्षा वर्षाला चार लढती, नेहमीच्या वजनाजवळच राहून, आणि स्पारिंग निम्मं, हे मेंदूला जास्त मानवणार नाही का? वर्षभर फुगून दोनदा उपास करण्यापेक्षा?

---

पांढरा_कोट

वजनाबाबत तुमचं बरोबर. स्पारिंग निम्मं करण्याबाबतही. पण चार लढती आणि निम्मं स्पारिंग असं कुणी करत नाही, चार लढती आणि तेवढंच स्पारिंग करतात. प्रशिक्षक ऐकत नाहीत. म्हणून माझं मत कायम.

---

उंबरठा

पोरं येतात कुठून यावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. व्यावसायिक बॉक्सिंगची नर्सरी म्हणजे ऑलिंपिक. हौशी बॉक्सिंग चालवणाऱ्या आयबीए या संघटनेची मान्यता २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीने काढली आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग असेल की नाही हेच नक्की नव्हतं. 'वर्ल्ड बॉक्सिंग' या नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता मिळाल्यावर मार्च २०२५ मध्ये खेळ परत यादीत आला. तो आला नसता तर तुमच्या या चर्चेला दहा वर्षांनी विषयच उरला नसता.

उझबेकिस्तानने पॅरिसला बॉक्सिंगमध्ये पाच सुवर्णपदकं नेली. क्युबाने २०२२ पासून आपल्या बॉक्सरना व्यावसायिक लढतींना परवानगी दिली. पुढच्या दहा वर्षांतले विजेते मी तरी तिकडेच शोधेन. भारताचा निशांत देवही पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व फेरीत वादग्रस्त निकालाने हरला आणि जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला मॅचरूम या प्रमोटर कंपनीसाठी पहिल्याच फेरीत जिंकून व्यावसायिक झाला.

---

घंटा_वाजली

@उंबरठा, नर्सरीच्या बाहेरही झाडं उगवतात. फेबियो वॉर्डली हौशी बॉक्सिंग खेळलाच नाही. नोकरी सांभाळून हौस म्हणून चार 'व्हाइट कॉलर' लढती, मग थेट व्यावसायिक. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुणांवर मागे असताना अकराव्या फेरीत जोसेफ पार्करला थांबवलं आणि उसिकने सोडलेला डब्ल्यूबीओचा पट्टा त्याच्याकडे आला.

---

उंबरठा

अपवाद आहे. भारी अपवाद आहे.

---

रिकामटेकडा

एवढं वाचून उत्सुकता चाळवली. एकच लढत बघायची असेल तर कुठली? जुनी नको, या नव्या पोरांपैकी.

---

साऊथपॉ

बाम रॉड्रिगेझ विरुद्ध हुआन फ्रान्सिस्को एस्त्राडा, जून २०२४. तो २४ चा, एस्त्राडा ३४ चा मुरलेला गडी. बामचे पाय बघा. मारून झालं की तो मागे जात नाही, बाजूला जातो, आणि एस्त्राडाला दर वेळी अंग वळवून त्याला शोधावं लागतं. हात नंतर बघा.

---

रिकामटेकडा

सहाव्या फेरीपर्यंत आलोय. पडला की तो! तुमचा हिरो पडला!

---

साऊथपॉ

पडला. घाबरला का ते बघा. आणि सातव्यात बरगड्यांखाली काय बसतं तेही.

---

रिकामटेकडा

बापरे. एस्त्राडा डोक्याला काही न लागता गुडघ्यांवर? आणि उठलाच नाही?

---

पांढरा_कोट

@रिकामटेकडा, यकृतावरचा ठोसा. शुद्ध हरपत नाही, सगळं कळत असतं, पण रक्तदाब एकदम पडतो आणि पाय ऐकत नाहीत. अवांतर: सगळ्या नॉकआउटमध्ये मला हाच त्यातल्या त्यात बरा वाटतो.